आधी ऐका, मग विचारा

कन्नडमध्ये ‘केळु’ असे एक क्रियापद आहे. ‘हाडु केळु’ म्हणजे गाणे ऐक आणि ‘दारि केळु’ म्हणजे वाट विचार. ऐकणे आणि विचारणे या दोन्हींसाठी शब्द एकच. आपल्या भागातल्या बहुतेक घरांत हा शब्द दिवसातून दहादा कानावर पडतो, म्हणूनच त्यातली गंमत सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. माझ्या लक्षात ती आली हौशी रेडिओमुळे. जगभर ज्याला ‘हॅम रेडिओ’ म्हणतात, त्या माझ्या जुन्या छंदाचा पहिला धडाच मुळी असा आहे, की आधी ऐकायचे, मग विचारायचे आणि बोलायचे सर्वांत शेवटी.

ज्यांना हा छंद ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सरकारची परीक्षा देऊन, परवाना घेऊन, आपल्या घरातून रेडिओवर संदेश पाठवणारा आणि घेणारा हौशी माणूस म्हणजे हॅम. आकाशवाणीसारखे कार्यक्रम त्याने लावायचे नाहीत, जाहिराती करायच्या नाहीत आणि त्यातून एक पैसाही कमवायचा नाही. त्याला हवेतले एक नाव मिळते, त्याला कॉल साइन म्हणतात. भारतातल्या हॅमची कॉल साइन बहुधा ‘व्हीयू २’ किंवा ‘व्हीयू ३’ अशी सुरू होते. त्यातला आकडा परवान्याचा वर्ग सांगतो, राज्य सांगत नाही. त्यामुळे नुसत्या नावावरून माणूस बेळगावचा, कोल्हापूरचा की धारवाडचा, हे कळायला मार्ग नाही. शिवाय राजकीय वादाचे विषय हवेत काढायचे नाहीत, असा या छंदाचा जुना नियम आहे. सीमाभागात जन्म काढलेल्या माणसाला या दोन गोष्टींचे किती अप्रूप वाटते, ते मी वेगळे सांगायला नको.

सेट सुरू केला की लगेच बोलायचे नसते. ज्या फ्रिक्वेन्सीवर बोलायचे तिथे थोडा वेळ कान देऊन बसायचे. काही ऐकू आले नाही तरी ‘इथे कुणी आहे का?’ असे विचारायचे, कारण दोघांच्या बोलण्यातला एक जण आपल्याला ऐकू येतो आणि दुसरा येत नाही, असे रेडिओत नेहमी घडते. मोर्समध्ये या प्रश्नासाठी ‘क्यूआरएल’ अशी तीन अक्षरे आहेत. उत्तर आले नाही, तरच ‘सीक्यू’ म्हणून साऱ्या जगाला हाक मारायची. म्हणजे हा सगळा ‘केळु’चाच मामला.

दर रविवारी सकाळी चार-पाच मुले माझ्याकडे मोर्स शिकायला येतात. पालक पहिल्या दिवशी हमखास विचारतात, ‘काका, तक्ता देता का? पाठ करून घेतो.’ तक्ता मी देत नाही. मोर्स ही डोळ्यांनी शिकायची गोष्टच नव्हे. तक्ता पाठ केलेला मुलगा ‘डा-डि-डा’ ऐकतो, मनात रेघ, टिंब, रेघ असे चित्र काढतो, ते तक्त्यात शोधतो आणि मग ‘के’ म्हणतो. तोवर पुढची दोन अक्षरे निघून गेलेली असतात. मिनिटाला चार-पाच शब्दांपर्यंत ही कसरत कशीबशी जमते, त्यापुढे गाडी अडते ती अडतेच.

लुडविग कोख नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात यावर उपाय शोधला. पहिल्या दिवशी दोनच अक्षरे शिकवायची, पण पुऱ्या वेगाने. ‘के’ म्हणजे डा-डि-डा, ‘एम’ म्हणजे डा-डा. ही दोन शंभरातली नव्वद वेळा बरोबर ओळखता आली, की तिसरे द्यायचे. मुलाला टिंबे मोजायला वेळच मिळत नाही, तो अख्ख्या अक्षराचा आवाज ओळखू लागतो. बाकी नियम तालाचे आहेत. डा हा डिच्या तिप्पट लांब. अक्षरांमधला विसावा तीन डिंचा आणि शब्दांमधला सात डिंचा. तबला शिकणारी किंवा भजनात टाळ धरणारी मुले हे चटकन उचलतात, असा माझा अनुभव आहे.

वाचकहो, नीट पाहिले तर आपल्या गल्लीबोळांतली मुले शेजारची भाषा अशीच शिकत आली. विटीदांडू खेळताना कुणी कुणाला बाराखडीचा तक्ता दिला नाही. पुऱ्या वेगाची कन्नड कानावर पडली, चार शब्द कळले, दहा निसटले, आणि दोन पावसाळ्यांत पोरगा भांडण्याइतके बोलू लागला. आता मात्र घरोघर वेगळेच चित्र दिसते. आई कन्नड, वडील मराठी, शाळा इंग्रजी. मूल आजीचे बोलणे सगळे समजते, पण उत्तर दुसऱ्याच भाषेत देते. रेडिओच्या भाषेत सांगायचे तर घेता येते, पाठवता येत नाही. मोर्समध्ये याच्या अगदी उलट. तिथे नवशिक्याला पाठवणे आठवड्यात जमते आणि घ्यायला महिने लागतात.

यंदा आलेल्यांत आठवीतली एक मुलगी आहे. तिच्या आईने पहिल्याच दिवशी मला सांगून टाकले, ‘हिला कन्नड कळतं, पण तोंडच उघडत नाही बघा.’ दोन महिन्यांनी मी मुलांना आपापल्या मनातले वाक्य एकमेकांना पाठवायला सांगितले. मोर्समध्ये सगळी अक्षरे रोमन, त्यामुळे भाषा कोणतीही चालते. या मुलीने समोरच्या मुलाला ‘ऊटा आत?’ असे पाठवले. म्हणजे ‘जेवण झालं का?’ मुलगा घरचा मराठी. त्याने यू-टी-ए, ए-टी-ए अशी सहाही अक्षरे बिनचूक घेतली, कागदावर वाचली आणि खुर्चीवरून उठून उभा राहिला! त्याने वाचले होते, ‘उठा आता’.

हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. मग त्याने तिला अर्थ विचारला. तिने तो सांगितला, म्हणूनही दाखवला, आणि त्याच्याकडून तीनदा म्हणवून घेतला. त्या दिवसापासून तिची पाठवण्याची वही कन्नड शब्दांनी भरते आहे. ‘ह्याला काय म्हणतात?’ असे ती आजीला फोन करून विचारते, असे तिची आई सांगत होती. अक्षरे सगळी अचूक घेतली तरी निरोप पोहोचतोच असे नाही, हे त्या मुलांना त्या दिवशी समजले. ते मला तासभर बोलूनही समजावता आले नसते.

कानाचे काम दुरुस्तीतही असते. कुणी जुना रेडिओ घेऊन आले, की मी पेचकस हातात घेण्यापूर्वी तो ऐकतो. ‘घुंऽऽ’ असा एकसारखा आवाज येत असेल, तर वीजपुरवठ्याच्या भागातला मोठा कपॅसिटर सुकला असण्याची शक्यता जास्त. आवाजाचे बटण फिरवताना खरखर होत असेल, तर त्या कंट्रोलमध्ये धूळ बसलेली असते. टपली मारल्यावर चालू होणारा रेडिओ तर सर्वांच्या परिचयाचा. त्यात बहुधा ड्राय सोल्डर असते, म्हणजे वरून चिकटलेला दिसणारा पण आतून सुटलेला टाका. तो तापवून थोडे ताजे सोल्डर दिले की काम होते. मात्र एक इशारा देऊन ठेवतो. व्हॉल्व्हच्या सेटमध्ये दोनशे-अडीचशे व्होल्ट किंवा त्याहून जास्त दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो कपॅसिटरमध्ये काही काळ साठून राहतो. असे सेट मी मुलांना उघडू देत नाही. त्यांच्यासाठी बॅटरीवरचे ट्रान्झिस्टर पुष्कळ आहेत.

महागड्या सामानावाचून अडत नाही, हे मुलांना पटवायला मी हैदराबादच्या अशर फरहान यांचे उदाहरण देतो. २००४ च्या सुमारास त्यांनी ‘बिटएक्स’ नावाचा सहा वॉटचा सेट तयार केला. त्यातली कॉइल गुंडाळायला लागणाऱ्या खास कड्या आपल्याकडे सहज मिळत नसत, म्हणून त्यांनी चक्क नळाचे वॉशर वापरले! हा सेट देशोदेशीच्या हौशींनी आपापल्या घरी बांधला. अँटेनाही साधीच. ७ मेगाहर्ट्झसाठी सुमारे वीस मीटर तांब्याची तार मधोमध तोडून दोन्हीकडे ताणायची. वळवाच्या दिवसांत मात्र गडगडाट कानावर येण्याआधीच सेटमध्ये खडखड सुरू होते. तेव्हा अँटेना सेटपासून सोडवून ठेवावी.

आता पालकांचा दुसरा प्रश्न. ‘याचा उपयोग काय? नोकरी लागेल का?’ मोर्सवर नोकरी लागणार नाही, हे मी सरळ सांगतो. आपली सरकारी तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. २००३ सालच्या जिनिव्हा परिषदेनंतर हॅमच्या परवान्यासाठी मोर्सची सक्ती ठेवायची की नाही, हेही ज्या त्या देशावर सोपवले गेले. आपल्याकडेही मोर्सशिवाय परवाना मिळू शकतो.

पण उपयोग नाही असे मी म्हणणार नाही. डिसेंबर २००४ मध्ये हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अॅमॅच्युअर रेडिओच्या भारती प्रसाद आपल्या पथकासह पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या. अंदमानातून हॅम रेडिओ चालवायची परवानगी कित्येक वर्षांनी मिळाली होती. जगभरच्या हौशींशी गप्पा चालू होत्या, आणि २६ डिसेंबरला त्सुनामी आली. नेहमीची दळणवळणाची साधने कोलमडली. गप्पांसाठी नेलेल्या त्याच सेटवरून मग बेटावरच्या माणसांची खुशाली मुख्य भूमीवरच्या नातलगांपर्यंत पोहोचू लागली. सेट तिथे असणे हा योगायोग होता. पण गोंगाटातून नाव-गाव अचूक टिपणारा कान योगायोगाने मिळत नाही, तो आधी घडवावा लागतो. मोर्सचा फायदा इथेच दिसतो. बोलायला अडीच-तीन हजार हर्ट्झ रुंदीची वाट लागते, मोर्सला शंभर-दीडशे पुरतात. म्हणून बोलणे जिथे खरखरीत बुडून जाते, तिथूनही मोर्सची बारीक शीळ निघून येते.

ज्यांच्या घरी बारा वर्षांचे किंवा त्याहून मोठे मूल आहे, त्यांना परवान्याचा विचार करायला हरकत नाही. परीक्षेचे ताजे नियम केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाकडून पाहून घ्यावेत. परवान्याशिवाय प्रक्षेपण करणे हा गुन्हा आहे, हे मुलांना आधीच बजावावे. नुसते ऐकायला मात्र आजच सुरुवात करता येईल. इंटरनेटवर जगभरचे कितीतरी रिसीव्हर फुकट ऐकायला मिळतात. रात्री जेवणे झाल्यावर ७ मेगाहर्ट्झच्या आसपास दहा मिनिटे कान द्या. मुलांबरोबर आजीलाही बसवा. आजी काही विचारील, मूल काही सांगेल, आणि ते कोणत्या भाषेत सांगते तेही तेवढ्यात ऐकून घ्या.

तारबाबूंच्या काळापासून संदेशाच्या शेवटी ‘७३’ असा आकडा पाठवण्याची रीत आहे. डा-डा-डि-डि-डिट, डि-डि-डि-डा-डा. त्याचा अर्थ, सप्रेम नमस्कार.