साक्ष देणारी लावणी : ‘सांगत्ये ऐका’ गुन्हेपट म्हणून का वाचावा?

१/ १९५८ साली हॉलिवूडमध्ये ‘किंग क्रेओल’ हा चित्रपट आला. नायक रॉक अँड रोलचा सम्राट एल्व्हिस प्रेस्ली, दिग्दर्शक ‘कासाब्लांका’चे मायकेल कर्टीझ आणि कथा न्यू ऑर्लिन्समधल्या टोळीच्या विळख्यात सापडलेल्या तरुण गायकाची. संगीतमय गुन्हेपटांची चर्चा निघाली की हे नाव हमखास येते. पुढच्याच वर्षी मराठीतही असा एक गुन्हेपट आला. त्याला मात्र आपण आजवर केवळ ‘तमाशापट’ म्हणत आलो.

२/ तो चित्रपट म्हणजे ‘सांगत्ये ऐका’ (१९५९). दिग्दर्शक अनंत माने, संगीत वसंत पवार, गीते ग. दि. माडगूळकर, पटकथा व्यंकटेश माडगूळकर. पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात तो १३१ आठवडे चालला. माझे म्हणणे असे की हा चित्रपट सातारा-सांगलीच्या परंपरेतला गुन्हेपट आहे, त्यातले गाणे ही साक्ष आहे आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याने तो साधन म्हणून गांभीर्याने वाचला पाहिजे.

३/ आधी नकाशा पाहू. १९५९ साली ‘सांगली जिल्हा’ नावाने अस्तित्वातच नव्हता. १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. माडगूळकर बंधू औंध संस्थानातल्या माणदेशाचे, म्हणजे आजच्या आटपाडी तालुक्याचे. यातल्या सर्वांत गाजलेल्या लावणीला आवाज दिला तो १९३३ साली सांगलीत जन्मलेल्या आशा भोसले यांनी. त्या लावणीतली बुगडी हरवते तीही साताऱ्याच्या वाटेवर.

४/ आता कथानक. (ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी थेट सहाव्या टिपणाकडे जावे.) बैलांच्या शर्यतीत एका शेतकऱ्याकडून गावच्या पाटलाचा मानभंग होतो. पाटील त्याच्या घरादारावर सूड उगवतो आणि त्या शेतकऱ्याची पत्नी त्याच्या अत्याचाराला बळी पडते. तिच्या पोटी जन्मलेल्या मुलीला एक तमासगीर स्त्री वाढवते. हीच मुलगी पुढे फडाची नायिका होते.

५/ अखेरीस फड त्याच गावात येतो. ढोलकी वाजते, गाव जमते, मानाच्या जागी पाटील बसतो आणि बोर्डावरून त्याच्याच पापाची कथा त्याच्यासमोर उलगडत जाते. इथे वकील नाही, पंचनामा नाही, न्यायाधीश नाही. जमलेल्या प्रेक्षकांचेच न्यायासन होते.

६/ शीर्षकाचे व्याकरण पाहा. ‘सांगत्ये’ हे स्त्रीलिंगी रूप आहे, बोलणारी बाई आहे. ‘ऐका’ हे आज्ञार्थी बहुवचन आहे, ऐकणारा सारा गाव आहे. एक स्त्री गावाला उद्देशून ‘मी बोलते आहे, तुम्ही ऐका’ असे म्हणते. जिची जबानी कोणत्याही दप्तरात उतरली नसती, तिच्या जबानीचे हे शीर्षक आहे.

७/ ‘किंग क्रेओल’शी तुलना इथे उपयोगी पडते. ज्या कादंबरीवरून तो निघाला तिचा नायक मुष्टियोद्धा होता. प्रेस्लीसाठी त्याला गायक करण्यात आले. डॅनीचे गाणे ही त्याची भाकरी आहे, वस्तीतून वर येण्याची शिडी आहे. गुन्हा घडतो तो बहुधा रंगमंचाबाहेर. ‘सांगत्ये ऐका’मध्ये गुन्हा रंगमंचावर आणला जातो. गाण्याला दोन्हीकडे मोल आहे, पण त्याच्याकडून अपेक्षित असलेले काम वेगळे आहे.

८/ हे वेगळेपण आकाशातून पडलेले नाही. ‘मोहना-बटाव’ हा आद्य वग मानला जातो. तो १८६५ च्या सुमाराचा आणि त्याचे कर्ते उमा-बाबू सावळजकर, म्हणजे तासगाव तालुक्यातल्या सावळजचे. पठ्ठे बापूराव वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे. गण, गवळण, बतावणी झाली की रात्र चढता चढता वग सुरू होई. लावणी ऐकायला आलेला माणूस पहाटेपर्यंत थांबे, तो बहुतेकदा वगासाठी.

९/ मिरज तालुक्यातल्या कवलापूरच्या काळू-बाळूंचेच पाहा. लहू आणि अंकुश खाडे हे जुळे बंधू. त्यांच्या घराण्यात सातू-हिरू आणि शिवा-संभा हे नामवंत तमासगीर होऊन गेले. ‘जहरी प्याला’ या वगातल्या त्यांच्या हवालदारांच्या भूमिकांनी पिढ्यान्‌पिढ्या लोकांना हसवले. ज्या गणवेशासमोर एरवी मान खाली घालायची, त्याची फजिती पाहून गाव रात्रभर हसे. हे हसू समाजाच्या इतिहासाचे साधन नाही, असे कोण म्हणेल?

१०/ याच भागाला उघड्या न्यायदानाची आणखी एक आठवण होती. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या प्रतिसरकारने सातारा जिल्ह्यातल्या गावांतून न्यायदान मंडळे चालवली. गावातले तंटे, चोऱ्या, स्त्रियांवरचे अन्याय यांचा निवाडा गावातच होई. १९५९ मध्ये ‘सांगत्ये ऐका’ पाहणाऱ्या इथल्या चाळिशीतल्या प्रेक्षकासाठी हा ताजा भूतकाळ होता. गावासमोर गुन्हा मोठ्याने उच्चारला जातो, हे दृश्य त्याला केवळ नाट्यमय वाटले नसावे, ओळखीचे वाटले असावे. हे माझे अनुमान आहे आणि ते अनुमान म्हणूनच मांडतो.

११/ आता आक्षेपाकडे वळतो. प्रबंधिकेसाठी मी हा विषय सुचवला तेव्हा एका ज्येष्ठ अभ्यासकांनी हसून विचारले, “अहो, कल्पित कथेतून गुन्ह्याचा इतिहास कसा लिहिणार? पोलीस दप्तर वाचा.” सल्ला रास्त होता. मी दप्तराचाच विचार करू लागलो आणि तिथेच अडकलो.

१२/ कारण दप्तरात गुन्हा येतो कसा? १८६७ च्या मुंबई ग्राम पोलीस कायद्यानुसार गावातल्या गुन्ह्याची वर्दी देण्याची जबाबदारी पोलीस पाटलावर होती आणि पाटीलकी वंशपरंपरागत होती. मुलकी पाटलांची वतने रद्द करणारा कायदा महाराष्ट्रात १९६२ साली झाला. म्हणजे हा चित्रपट आला तेव्हा जुनी चौकट उभीच होती. गुन्हेगार स्वतः पाटील किंवा त्याचा भाऊबंद असेल, तर वर्दी कोण देणार? त्या पानावर काहीच नसेल. कोरे पान म्हणजे गुन्हा घडला नाही, असा निष्कर्ष काढणारा इतिहासकार नकळत पाटलाचीच साक्ष ग्राह्य धरतो.

१३/ ‘सांगत्ये ऐका’ कोणत्याही एका प्रत्यक्ष गुन्ह्याचा पुरावा नाही, हे मान्य. पण असा गुन्हा घडू शकतो, तो दडपला जाऊ शकतो आणि तो उघड करण्याची जागा तमाशाचा फड असू शकते, हे प्रेक्षकांना पटत होते, याचा तो पुरावा आहे. १३१ आठवडे लोक न पटणारी गोष्ट पाहायला येत नाहीत.

१४/ तरीही या चित्रपटाचे गोडवे गाऊन थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. नायिका फडात वाढते, पण जन्माने शेतकरी घरातली आहे. प्रेक्षकाची सहानुभूती मिळावी म्हणून तिला ‘घरंदाज’ मूळ द्यावे लागले. जी बाई जन्मानेच तमासगीर आहे, जिची जात महार, मांग वा कोल्हाटी आहे, तिच्यावरच्या अत्याचाराची कथा १३१ आठवडे चालली असती का? मला शंका आहे.

१५/ या प्रश्नाचे दुसरे टोक त्याच वर्षी, त्याच जिल्ह्यातून पुढे आले. १९५९ मध्येच अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ प्रसिद्ध झाली. अण्णा भाऊ वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे. शाहीर अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक गाजवणारे, तमाशाला लोकनाट्याचे रूप देणारे. त्यांचा फकिरा भुकेल्या माणसांसाठी इंग्रजांचा खजिना लुटतो. इथे प्रश्नच उलटा होतो : सरकार ज्याला गुन्हेगार म्हणते तो खरोखर गुन्हेगार आहे का?

१६/ या प्रश्नामागे कायदा होता. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण समाजांवर जन्मतःच शिक्का मारला. ‘फकिरा’त हजेरीचा जाच येतो तो याच व्यवस्थेतून. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला, पण ‘सराईत गुन्हेगार’ या नावाने नवे कायदे आले. मुंबई राज्याचा असा कायदाही १९५९ चाच. एकाच वर्षी एक कायदा, एक कादंबरी आणि एक चित्रपट ‘गुन्हेगार कोण?’ याची तीन उत्तरे देतात. एका सेमिनारला एवढे साहित्य पुरेसे आहे.

१७/ शेवटी हंसा वाडकर. चित्रपटात त्यांनी तमासगीर स्त्री उभी केली. पुढे स्वतःचे आयुष्य, त्यातला संसार, शोषण, व्यसन, एकाकीपण सांगताना त्यांनी आत्मकथनाला नाव दिले तेच : ‘सांगत्ये ऐका’. १९७७ चा श्याम बेनेगलांचा ‘भूमिका’ त्यावरून स्फुरला. बोर्डावरचे वाक्य एका खऱ्या स्त्रीने आपल्या साक्षीसाठी वापरले. कल्पित कथेने वास्तवाला बोलण्याची रीत दिल्याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

१८/ एक विनंती. आपल्यापैकी कुणाचे आजोळ सावळज, कवलापूर, रेठरे, वाटेगाव या पट्ट्यात असेल, तर जुन्या फडांच्या वगाच्या हस्तलिखित वह्यांची चौकशी करा. पत्र्याच्या ट्रंकेत, माळ्यावर, कदाचित रद्दीत. मिळाल्यास घरच्यांच्या परवानगीने छायाचित्रे काढा, गाव आणि फडाचे नाव टिपून ठेवा. पोलीस दप्तर सरकार सांभाळते, या वह्या कुणीच सांभाळत नाही.

धागा समाप्त. मतभेद असल्यास जरूर लिहा, विशेषतः तेराव्या टिपणाबद्दल.