सील सारखं का जातं?

इथे इंग्लंडात दोन हिवाळ्यांत आमच्या रेडिएटरच्या व्हॉल्व्हचं सील तीनदा बदललं. दर वेळी ऐकलं, "सीलच खराब होतं." मला हे पटत नाही. नवं सीलही टिकत नसेल, तर दोष बहुधा दुसरीकडे असतो. आमच्या बॉयलरच्या प्रसरण टाकीतली हवा गेली होती; थंड असताना १ बार असलेला दाब तापल्यावर ३ बारकडे चढायचा. गळती झाली की आम्ही ताजं पाणी भरायचो. त्यातल्या ऑक्सिजनने गंज वाढला आणि काळा गाळ सीलला घासत राहिला. म्हणून आधी दाबाचा काटा बघा, जाणकाराकडून टाकी तपासून गाळ धुऊन घ्या. सील त्यानंतर. घरातल्या कुरबुरींचंही तसंच. दाब कुठून येतो, ते आधी पाहावं.