आधी कारागीर, मग अध्यक्ष

‘पुरे झाला आता तो खेळ!’ हे वाक्य मुलेबाळे असलेल्या घरात दिवसातून एकदा तरी कानी पडतेच. खेळ म्हणजे रिकामपणचा उद्योग, असे आपण धरूनच चालतो. पण खेळ रचणे हा काही रिकामपणचा उद्योग नव्हे. सातोरू इवाता या जपानी गृहस्थांचे चरित्र पाहिले म्हणजे हे पटते.

इवातांचा जन्म १९५९ सालचा, उत्तर जपानमधील साप्पोरोचा. शाळकरी वयातच त्यांनी गणकयंत्रावर खेळ रचले. तोक्योत शिकताना ते ‘हाल’ नावाच्या एका चिमुकल्या कंपनीत जाऊ लागले आणि पदवी मिळताच १९८२ मध्ये तेथेच चिकटले. वडील मुरोरान शहराचे महापौर. मुलाने हा कसला धंदा पत्करला म्हणून सहा महिने बोलले नाहीत! बाप कुठलाही असो, काळजी तीच.

पुढे ‘हाल’ कर्जात बुडाली आणि १९९३ मध्ये तेहतिशीतल्या इवातांना तिचे अध्यक्षपद मिळाले. पद कसले, दीड अब्ज येनांचे ओझेच ते! त्यांनी पहिली गोष्ट कोणती केली? प्रत्येक कर्मचाऱ्याला समोर बसवून त्याचे म्हणणे ऐकून घेतले. कर्ज यथावकाश फिटले.

त्याच सुमारास ‘मदर २’ हा खेळ वर्षानुवर्षे रखडला होता. इवाता म्हणाले, आहे तेच दुरुस्त करायचे तर दोन वर्षे लागतील. नव्याने रचायचे तर सहा महिने. नव्याने रचायचे ठरले, तेव्हा त्यांनी प्रथम सर्वांना हाताळता येतील अशी साधने तयार केली. एकट्याने पराक्रम गाजविण्यापेक्षा दहा जणांचे हात चालते करणे त्यांना महत्त्वाचे वाटले. १९९४ मध्ये तो खेळ बाजारात आला.

२००२ साली ते ‘निन्टेन्डो’चे अध्यक्ष झाले. २००४ चे ‘डीएस’ आणि २००६ चे ‘वी’ ही यंत्रे प्रत्येकी दहा कोटींहून अधिक खपली. कारण खेळ कधी हाती न धरलेल्या आजीआजोबांनाही ती आपली वाटली.

मग पडता काळ आला. अशा वेळी माणसे कमी करा, असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. इवातांनी २०११ मध्ये आणि पुन्हा २०१४ मध्ये कात्री लावली ती स्वतःच्या पगाराला. तो निम्म्यावर आणला. नोकरी जाण्याच्या धास्तीत काम करणाऱ्याच्या हातून लोकांच्या मनाला भिडणारा खेळ निपजत नाही, असे त्यांचे मत होते. हे शहाणपण हिशेबाच्या वहीतून येत नाही; स्वतः रात्री जागून काम केलेल्यालाच ते सुचते.

११ जुलै २०१५ रोजी, वयाच्या अवघ्या पंचावन्नाव्या वर्षी, इवाता निवर्तले.

मुलांना अभ्यासाला बसवायचे ते बसवावेच. परंतु वरच्या खुर्चीवर गेलेल्या माणसाने आपले जुने बाक विसरू नये, हा धडा पाठ्यपुस्तकात सापडला नाही, तर तो या खेळ रचणाऱ्याकडून खुशाल घ्यावा.