पहिलीचा खेळाचा तास बंद करू नका



या भित्तिपत्रकावर एरवी मुलांच्या कविता, सुविचार आणि सहलीची वर्णने असतात. या खेपेस थोडी जागा मी मागून घेतली आहे. शाळा व्यवस्थापन समितीच्या मागच्या बैठकीत एक सूचना आली. मधल्या सुट्टीनंतरचा पहिलीचा खेळाचा तास बंद करावा आणि त्या वेळात मुलांकडून पाढे व शुद्धलेखन करून घ्यावे, अशी ती सूचना होती. निर्णय पुढच्या बैठकीत व्हायचा आहे. तोपर्यंत पहिलीची वर्गशिक्षिका म्हणून माझे मत मी इथे मांडते. ज्यांना वाचता येत नाही त्यांना चौथीच्या मुलांनी हे वाचून दाखवावे.

सूचना करणाऱ्यांवर माझा राग नाही. त्यांची काळजी खरी आहे. "बाई, पोरगं शाळेत जातंय का जत्रेत? पाटी कोरीच घरी येती," असे एक आजी मला म्हणाल्या. तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जाणारे शेजारचे मूल वहीच्या वही भरून आणते आणि आपले मूल खिशात चिंचोके घेऊन येते. हे पाहून पोटात कालवणारच. ज्याच्याकडे दोन एकर कोरडवाहू आहे, त्याची खरी ठेव म्हणजे पोराचे शिक्षण. ती ठेव खेळात उधळली जातेय असे वाटले तर तो बोलणारच. म्हणून त्या तासात काय चालते, ते आधी सांगते.

पहिली गोष्ट हाताची. सहा वर्षांच्या मुलाचे मनगट अजून तयार होत असते. त्यातली लहान हाडे पुरती कडक झालेली नसतात, बोटांना जोर नसतो. अशा हातात पेन्सिल देऊन दहा ओळी गिरवायला लावल्या, तर मूल पेन्सिल मुठीत धरते, कागद फाटेस्तोवर दाबते आणि अक्षराचा कंटाळा करू लागते. तोच हात मातीचे बैल करताना, शेंगा सोलताना, ज्वारीतले खडे निवडताना तासभर थकत नाही. रांगोळीची चिमूट धरायला अंगठा आणि त्याच्या शेजारची बोटे लागतात, आणि पेन्सिल धरायलाही तीच लागतात. आधी ठिपके, मग आडवी रेघ, उभी रेघ, मग गोल. हे जमले की ग, म, न आणि व, ब, क ही अक्षरे हाताला जड जात नाहीत. पाटी कोरी दिसली तरी हात कोरा राहिलेला नसतो.

दुसरी गोष्ट आकड्यांची. आपल्या मराठी संख्यांमध्ये एक अडचण आहे. आपण 'तेवीस' म्हणतो तेव्हा तीन आधी ऐकू येतात आणि वीस नंतर. लिहायचे मात्र आधी २ आणि मग ३. मूल ऐकल्या क्रमाने लिहिते आणि ३२ करून बसते. 'एकोणतीस' तर त्याहून अवघड. कानाला तीस ऐकू येते आणि लिहायचे २९. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत दर दहाला ही 'एकोण' आडवी येते, आणि नव्व्याण्णवला मात्र येत नाही. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'तेवीस'च्या जोडीला 'वीस तीन' असे वाचन दिले, तेव्हा राज्यभर केवढा वाद झाला होता! नाव कसेही वाचा, पण संख्या पोराच्या हातात आल्याशिवाय ती डोक्यात जात नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणून आम्ही तुराट्यांच्या काड्यांचा खेळ खेळतो. फासा टाकायचा, पडतील तितक्या काड्या घ्यायच्या. दहा झाल्या की दोऱ्याने गठ्ठा बांधायचा. दोन गठ्ठे आणि तीन सुट्ट्या समोर पडल्या की मूल आधी गठ्ठ्यांचा २ लिहिते आणि मग सुट्ट्यांचा ३. तीन गठ्ठ्यांना एक काडी कमी पडते, ते एकोणतीस. हे एकदा डोळ्यांनी दिसले की वहीत उलटे आकडे येणे कमी होते. नुसती शंभरपर्यंत उजळणी म्हणणाऱ्या मुलाला "अडतीस आणि त्रेचाळीस, मोठी कोणती?" असे विचारून पाहा. पुष्कळदा ते आपल्या तोंडाकडे बघत राहते.

चिंचोक्यांचेही तसेच. चिंचोका फोडून त्याच्या डाळी केल्या की एक बाजू पांढरी आणि एक काळी मिळते. चार डाळी टाकायच्या. जितक्या पांढऱ्या तितकी घरे पुढे, चारही काळ्या पडल्या तर आठ. हा अष्टाचंग तुमच्या आजीने ओसरीवर खेळलेला आहे. त्यात मोजणी आहे, बेरीज आहे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे आहे आणि हरल्यावर न रडणेही आहे. तास सुरू होताना प्रत्येकाला वीस चिंचोके मोजून देते आणि संपताना मोजून परत घेते. एखादा कमी भरला तर सगळा वर्ग शोधतो. असे न केले तर चिंचोका एखाद्याच्या नाकात जायला वेळ लागत नाही. खिशातून घरी जातात ते त्याने स्वतः आणलेले.

तिसरी गोष्ट जिभेची. जूनमध्ये काही लेकरे दोन-दोन आठवडे तोंड उघडत नाहीत. घरची बोली वेगळी, पुस्तकाची भाषा वेगळी. चुकू या भीतीने मूल गप्प बसते. 'दुकान दुकान' मांडले की तेच मूल बोलू लागते. करवंटीच्या तागडीत खडे टाकते, भाव सांगते, उधारी नाकारते! "आज उधार न्हाई, रोख द्या," हे वाक्य ज्या पोरीने म्हटले, ती वर्गात स्वतःचे नावही सांगत नव्हती. तिचे ते वाक्य मी फळ्यावर लिहिले आणि तिने ते बोट फिरवून वाचले. आपण बोललेले लिहिता येते आणि लिहिलेले वाचता येते, हे तिला त्या दिवशी उमगले. वाचनाचा पाया हाच आहे.

कुणी म्हणेल, हे शहरातले नवे फॅड आहे. तसे मुळीच नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यात, खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले शाळेत येईनात, म्हणून त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. महागडी साधने परवडत नव्हती, तर खडे, पाने, शिंपले, बिया यांचीच साधने केली. अंगणवाडीची कल्पना अशी आपल्याच मातीत वाढली आहे.

कायदाही हेच सांगतो. मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्यातील कलम २९ म्हणते की कृती, शोध आणि अनुभव यांतून मुलाने शिकावे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला. म्हणजे अंगणवाडी, पहिली आणि दुसरी यांत मोठी भिंत नको. २०२१ साली आलेल्या 'विद्याप्रवेश' कार्यक्रमात तर पहिलीच्या सुरुवातीचे बारा आठवडे खेळातून तयारीसाठी ठेवले आहेत. तेव्हा हा तास म्हणजे काही बाईंची हौस नव्हे.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. खेळाच्या नावाखाली पोरे मैदानात सोडायची आणि गुरुजींनी किंवा बाईंनी मोबाईलवर माहिती भरत बसायचे, हा खेळाचा तास नव्हे. असा तास कुठे चालत असेल तर तो बंद झालेलाच बरा. खेळ मांडण्यापूर्वी शिक्षकाला ठाऊक हवे की आज यातून काय साधायचे आहे. कोणते मूल मागे पडले, कोण नुसते बघत उभे राहिले, हे टिपून ठेवायला हवे. आणि खेळानंतर पाटी हातात आलीच पाहिजे. गठ्ठे बांधले, मग आकडा लिहिला. दुकान मांडले, मग तीन शब्द वाचले. खेळ आणि लेखन ही एका गाडीची दोन चाके आहेत. लेखन नको असे मी म्हणत नाही. खेळाचे चाक काढून तेवढ्यावर गाडी हाकू नका, एवढेच म्हणते.

इंग्रजी शाळेच्या भरलेल्या वह्यांविषयीही एक शब्द. वही जरूर पाहा. पण मग त्यातलाच एक शब्द मुलाला वेगळ्या कागदावर लिहून द्या आणि वाचायला सांगा. वाचला तर उत्तमच, त्या मुलाचे कौतुक करा. नाही वाचला, तर ती वही हाताने भरली आहे, डोक्याने नव्हे, असे समजा. आपल्या पटावर मुले थोडी. भीतीपोटी दोन-चार आणखी निघून गेली तर उद्या शिक्षकाच्या पदाचाही प्रश्न उभा राहील. पण केवळ पट टिकावा म्हणून मुलांना न झेपणारे ओझे द्यावे, हे मला पटत नाही.

तेव्हा समितीपुढे माझे म्हणणे असे. हा तास निदान दिवाळीच्या सुट्टीपर्यंत चालू ठेवावा. दर शनिवारी दोन पालकांनी पाळीपाळीने वर्गात येऊन बसावे आणि प्रत्यक्ष पाहावे. दिवाळीपूर्वी सर्व पालकांसमोर पहिलीचे प्रत्येक मूल गठ्ठे मांडून पन्नासपर्यंतची कोणतीही संख्या लिहून दाखवील आणि फळ्यावरचे साधे शब्द वाचील. न जमल्यास जाब मला विचारावा आणि मग तासाचे काय करायचे ते खुशाल ठरवावे.

घरच्यांकडून फार काही नको. चिंचोके, तुराट्या, रिकाम्या काड्यापेट्या, करवंट्या पाठवा. रात्री जेवणे झाल्यावर पावतास मोबाईल बाजूला ठेवून लेकराशी अष्टाचंग खेळा. भाकऱ्या किती झाल्या, माणसे किती, कुणाला किती येतील, हे त्याला मोजू द्या. शाळेत खेळून आलेल्या मुलाला "आज काय लिहिलंस?" असे विचारता, तसेच "आज काय खेळलास आणि कोण जिंकलं?" हेही विचारा. त्याच्या उत्तरातूनच कळेल की तो तासभर काय शिकला.

बैठक पुढच्या महिन्यात आहे. मत काहीही असो, पण वर्ग एकदा पाहून मगच द्या, ही विनंती.

— वर्गशिक्षिका, इयत्ता पहिली