वहीत रक्कम आहे, औषध नाही

आमच्या दूध संस्थेच्या वहीत पेंडेच्या पोत्यापासून जंताच्या गोळीपर्यंत सगळ्याची नोंद असते, पण ती रुपयांत. 'औषध' असं लिहायचं, रक्कम टाकायची, दूध बिलातून वळती करायची. कुठलं औषध, कुठल्या जनावराला, हे कुणी विचारत नाही. राधानगरी तालुक्यातल्या एका गावात ही वही मी लिहितो. माझं म्हणणं एवढंच, की जंताचं औषध हातात देताना 'पंधरा दिवसांत आणखी काय दिलंय, काय फवारलंय?' हे विचारून लिहून ठेवणं दूध संस्थांनी आपलं काम मानावं.

आमचा मुलूख पावसाचा. भाताच्या खाचरात आणि ओढ्याकाठी पाणगोगलगायी असतात, त्यांच्यामार्फत लिव्हर फ्लूक हा जंत जनावराच्या यकृतात शिरतो. जंताचं पाजणं त्यामुळे इतकं अंगवळणी पडलंय, की ते औषध आहे हेच आपण विसरलो. चहा-साखरेबरोबर बाटली घरी जाते.

गेल्या पावसाळ्यात गल्लीतल्या एका घरी सकाळी रेडकाला जंताचं पातळ औषध पाजलं. त्यात लेव्हामिसोल आणि ऑक्सिक्लोझानाइड होतं, आमच्याकडे सर्रास मिळणारी जोडी. दुपारी गोचीड दिसले म्हणून फडक्यानं अंगाला औषध चोळलं. तासाभरात रेडकू ओठ चाटायला लागलं, तोंडाला फेस आला, मागच्या मांड्या लटलटायला लागल्या. डॉक्टर आले आणि त्यांनी आधी विचारलं, "आज काय काय दिलंय?" मालक म्हणाला, "जंताचंच की!" घरातल्या सुनेनं मात्र फवारणीच्या पंपामागची बाटली आणून पुढं ठेवली. उसाच्या हुमणीसाठी आणलेलं क्लोरपायरीफॉस होतं ते. डॉक्टरांनी अॅट्रोपिन दिलं, रेडकू वाचलं. ती बाटली पुढं आली नसती, तर उपचार अंदाजानंच करावे लागले असते.

लेव्हामिसोल जंताच्या स्नायूंना सतत चेतवून आखडून टाकतं. डोस जास्त झाला तर जनावराच्या नसांवरही तोच परिणाम होतो. क्लोरपायरीफॉस, डायक्लोरव्हॉस, मॅलॅथिऑन यांसारखी ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशकं नसांमधला संदेश थांबवणारं विकरच बंद पाडतात. दोन्ही एकाच दिवशी अंगात गेली की विषबाधेचा धोका वाढतो. पिकाचं औषध जनावराला लावायचंच नाही, हे खरं. पण लावतात, हेही तितकंच खरं.

याच्या उलट प्रकार लहान रेडकांत होतो. आईच्या दुधातून गोल जंत त्यांच्या पोटात जातात, म्हणून पहिला डोस दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच द्यावा लागतो. काही जण पायपेराझिन पाजतात, हगवण थांबली नाही की दोन दिवसांत पायरँटेल. पायपेराझिन जंताला लुळं करतं, पायरँटेल आखडवतं. दोन्ही पाठोपाठ दिली की एकमेकांचा जोर मोडतात. पैसे दोन्ही बाटल्यांचे जातात आणि मग शिव्या कंपनीला बसतात.

सोड्याचं कुणाच्या ध्यानीमनीही नसतं. वासराचं पोट फुगलं की आपण खाण्याचा सोडा पाण्यात कालवून पाजतो. त्या पाण्यानं अन्ननलिकेपुढची पन्हळ मिटू शकते, आणि त्यावरच पाजलेलं अल्बेंडाझोल किंवा फेनबेंडाझोल पोटाच्या मोठ्या कप्प्यात न थांबता थेट पुढं सरकतं. ही औषधं त्या कप्प्यात रेंगाळून हळूहळू भिनली तर चांगली लागू पडतात. घाईनं निघून गेली तर अर्धवट मार खाल्लेले जंत तगतात, आणि त्यांचीच वीण वाढते.

यात शेतकऱ्याला नावं ठेवणं सोपं आहे. पण बाटलीवरचा मजकूर इंग्रजीत, तोही मुंगीएवढ्या अक्षरांत. १९६२ ला फोन लावला तर फिरत्या दवाखान्याची गाडी येते, पण भर पावसात वाड्या-वस्त्यांवर पोचायला तिलाही वेळ लागतो. तोवर माणूस हाताशी असेल ते पाजणारच. त्याला अडवून चार प्रश्न विचारू शकेल असा, रोज दोनदा भेटणारा माणूस गावात एकच असतो: दूध मापून घेणारा.

संस्थेच्या सभेत मी हे मांडलं, तर एक सभासद म्हणाले, "लिहिणावळ वाढवू नका." दुधाची फॅट आपण दशांशापर्यंत लिहितो, सकाळ-संध्याकाळ, प्रत्येकाची. त्याची लिहिणावळ कुणाला जड जात नाही, कारण तिथं पैसे मिळतात. वासरू दूध देत नाही, म्हणून त्याला वहीत जागा नाही. रेडा असला तर विचारूच नका. उद्याची म्हैस मात्र याच गोठ्यातून यायची असते.

मला हवेत तीन रकाने: औषधाचं नाव, जनावर, तारीख. आणि दूध संघांच्या पशुवैद्यकांकडून एक पानभर मराठी यादी, कशाबरोबर काय द्यायचं नाही आणि मध्ये किती दिवस सोडायचे याची. ती फॅट मशिनच्या वर चिकटवायची. रांगेत उभा माणूस तिथंच बघत असतो.