आमचं मेहकर, भालकी तालुक्यातलं

मेहकर म्हटलं की पुण्या-मुंबईचा माणूस लगेच विचारतो, "बुलढाण्याचं ना? शारंगधर बालाजीचं?" आमच्या गावच्या माणसाला हे आयुष्यभर ऐकावं लागतं. मग सांगायचं, नाही हो, आमचं मेहकर वेगळं. ते बिदर जिल्ह्यात, भालकी तालुक्यात. "म्हणजे कर्नाटकात? मग तुमचं मराठी इतकं चांगलं कसं?" हा पुढचा प्रश्नही ठरलेलाच!

या प्रश्नाचं उत्तर ज्यांना द्यावं लागत नाही, अशी माणसं आता एका ठिकाणी भेटतात. ते ठिकाण म्हणजे हातातला फोन. साठी ओलांडलेल्या जुन्या सोबत्यांचे व्हॉट्सअ‍ॅपवरचे गट आता गावोगाव आहेत, तसा आमचाही आहे. कुणी भालकीत, कुणी उदगीरला, कुणी हैदराबादेत मुलाकडे, कुणी पुण्यात नातवंडं सांभाळतो. सकाळी सहाला फुलांच्या चित्रासकट 'शुभ सकाळ' येतं. मग पाऊस, सोयाबीनचा भाव, गुडघेदुखी, साखरेचा रिपोर्ट. आणि दुपारी जेवणं झाली, की कुणीतरी हळूच जुना विषय काढतो.

परवा एकाने विचारलं, "सातबारा आणि पहाणी यात फरक काय रे?" उदगीरला स्थायिक झालेल्याला सातबारा कळतो, भालकीतल्याला पहाणी. कागद तोच, शेत तेच, मोजणारं सरकार तेवढं वेगळं. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. बिदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले, जहीराबाद आणि नारायणखेड आंध्रात गेले आणि भालकीसकट बाकीचा जिल्हा म्हैसूर राज्यात राहिला. म्हैसूरचं कर्नाटक झालं ते १९७३ साली. आमच्या घराघरांतल्या लेकी देवणी-निलंग्याकडे दिलेल्या आणि सुना तिकडून आणलेल्या. सोयरीक तशीच राहिली, फक्त मध्ये एक सीमा आली. एकाच कुटुंबात आजोबा उर्दूत शिकले, वडील मराठीत आणि नातू कन्नड नाहीतर इंग्रजीत. तीन पिढ्यांत तीन लिप्या! असं घर पुण्याच्या माणसाला समजावून सांगायला वेळ लागतो.

येळवस जवळ आली, की आमच्या गटाला भरतं येतं. मार्गशीर्षातली अमावास्या, शेतात कडब्याची कोप, चुना लावलेले पाच पांडव, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. लातूर, धाराशिव, बिदर, कलबुर्गी अशा आमच्या टापूबाहेर पुष्कळांना हा सण ठाऊकही नाही. भज्जीत चिंच घालायची की आंबट चुका, यावर दरवर्षी दोन दिवस वाद चालतो. दोन्ही बाजू आपापल्या आईचा दाखला देतात, आणि दोघींपैकी एकही आई आता विचारायला नाही.

किल्लारीच्या भूकंपाचंही तसंच. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला चार मिनिटं कमी. गणपती बोळवून लोक नुकतेच अंथरुणाला पाठ टेकले होते. त्या पहाटे कोण कुठे होता, हे प्रत्येक जण सांगतो. एक म्हणतो, आधी भांडी पडली आणि मग जमीन हलली. दुसरा म्हणतो, आधी गोठ्यातल्या जनावरांनी दावी ओढली. कुणाचं खरं? दोघांचंही असेल. म्हाताऱ्या माणसांच्या गप्पांत हे एक बरं असतं, की एकाची आठवण दुसऱ्याच्या आठवणीला टेकू देते.

पण सगळ्याच आठवणींना असा टेकू मिळत नाही.

दरवर्षी १७ सप्टेंबरला आमच्या गटावर झेंड्यांची गर्दी होते. १९४८ साली त्या दिवशी निजामाची राजवट संपली. महाराष्ट्रात तो 'मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन' म्हणून साजरा होतो, कर्नाटकात २०१९ पासून त्याला 'कल्याण कर्नाटक उत्सव' म्हणतात. आमच्या जिल्ह्याने त्या वर्षी पुष्कळ सोसलं. बसवकल्याण तालुक्यातल्या गोरट्याला रझाकारांनी केलेलं हत्याकांड मे १९४८ मधलं. त्याच्या गोष्टी ऐकतच आम्ही वाढलो. त्यामुळे त्या दिवशी शुभेच्छा येतात, लढ्याच्या गोष्टी येतात, आणि त्या यायलाच हव्यात.

फक्त आमच्या गटातला एक दोस्त त्या दिवशी कधीच बोलत नसे. एरवी सर्वांत जास्त विनोद त्याचेच. ईदला शीरखुर्म्याचा फोटो तोच टाकणार, येळवसेला "माझ्या वाटची आंबील ठेवा रे" तोच लिहिणार. १७ तारखेला मात्र गप्प. अठराला पुन्हा हजर. हे बरीच वर्षं चाललं, आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. शेवटी एकाच्या आलं. त्याने गटावर काही न लिहिता सरळ फोन केला, "काय लेका, दरसाली याच दिवशी कुठं दडी मारतोस?"

फोनवर तो काही बोलला नाही. संध्याकाळी गटावर चार ओळी आल्या. त्या सप्टेंबरात त्याचे आजोबा बाजाराला म्हणून घरातून निघाले, ते परत आलेच नाहीत. आजीने पुढे बारा वर्षं त्यांची काठी दारामागे ठेवली होती. एवढंच. कुणाला दोष नाही, कसली मागणी नाही.

पोलीस कारवाईनंतर आपल्या भागात मुसलमान कुटुंबांवर काय ओढवलं, हे पाहायला नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली होती. सर्वाधिक झळ लागलेले म्हणून तिने नोंदवलेले चार जिल्हे म्हणजे उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. म्हणजे आपलेच. तो अहवाल कित्येक दशकं लोकांपुढे आला नाही. पण अहवालात आकडे असतात. दारामागची काठी अहवालात नसते, ती घरात असते. आणि त्या घरातलं माणूस बोललं, तरच ती आपल्याला दिसते.

त्या चार ओळींनंतर गट तासभर शांत होता. मग भालकीच्या एकाने लिहिलं, "तुझ्या आजीच्या हातची खिचडी मी खाल्ली आहे. हे कधी बोलली नाही रे माउली." ज्याच्या चुलत्याला रझाकारांनी मारलं होतं, त्याने लिहिलं, "आमच्याही घरात एक पागोटं बरीच वर्षं तसंच होतं." त्या दिवशी दोन दुःखांची तुलना कुणी केली नाही. कुणाचं मोठं, कुणी आधी सुरुवात केली, असा हिशेब कुणी मांडला नाही. पन्नास-पंचावन्न वर्षांच्या दोस्तीने तेवढं शहाणपण दिलं होतं.

वाचकहो, हे एवढ्यासाठी सांगतो आहे, की १९४८ साली जो दहा वर्षांचा होता, तो आज पंच्याऐंशीच्या पुढे गेला आहे. त्याने डोळ्यांनी पाहिलेलं सांगणारे आता बोटांवर मोजावेत इतके उरले. आमच्या वयाचे लोक म्हणजे ऐकलेलं सांगणारे. आमच्यानंतर तेही नाही. सीमेच्या या बाजूची आमची नातवंडं मराठी बोलतात, पण पुष्कळांना वाचता येत नाही. आम्ही गटावर जे लिहितो, ते त्यांच्यासाठी नुसती नक्षी आहे. शिवाय फोन बिघडला, बदलला, की दहा वर्षांच्या गप्पा एका दिवसात जातात. वहीला वाळवी तरी हळूहळू लागते!

म्हणून आमच्या गटाने आता एक पद्धत घातली आहे. महिन्यातून एकाने आपल्या घरातली एक आठवण स्वतःच्या आवाजात सांगायची. भज्जीची चालेल, भूकंपाची चालेल, काठीची तर जरूर चालेल. नातवंडांना वाचता येत नसलं तरी ऐकता येतं. ज्याचा हात धड चालतो, त्याने ती वहीत उतरवायची, तारीख घालायची, सांगणाऱ्याच्या वडिलांचं नि गावाचं नाव घालायचं. गावाचं नाव लिहिताना 'तालुका भालकी' विसरायचं नाही, नाहीतर पुढचा वाचणारा बुलढाण्याला शोधत बसेल.

आणखी एक करता येईल. फुलांची चित्रं खुशाल पाठवा. पण गटातला एखादा एरवी बडबड्या माणूस एखाद्या ठराविक दिवशी गप्प होत असेल, तर हात जोडलेलं चित्र टाकून मोकळं होऊ नका. त्याला फोन लावा. तो आजारी असेल, किंवा त्याला काही सांगायचं असेल. दोन्ही वेळा उशीर करून चालत नाही.