पाणी फेकताना बाळ सांभाळा

‘आंघोळीच्या पाण्याबरोबर बाळालाही फेकून देणे’ हा इंग्रजी वाक्प्रचार आपल्याकडील चर्चांतही वारंवार कानी पडतो. तो मूळचा जर्मन. थॉमस मुर्नर याच्या १५१२ सालच्या उपहासपर ग्रंथात तो आढळतो. इंग्रजीत तो एकोणिसाव्या शतकात कार्लाइलच्या लेखणीतून उतरला. नको ते टाकण्याच्या भरात हवे तेही गमावणे, हा त्याचा अर्थ.

‘सुक्याबरोबर ओलेही जळते’ ही मराठी म्हण त्याच्या जवळची. परंतु दोहोंत भेद आहे. आगीला ओले-सुके कळत नाही, म्हणून आपली म्हण निरपराध्याचे दुर्दैव सांगते. पाणी फेकणाऱ्याला मात्र डोळे असतात. इंग्रजी वाक्प्रचार त्याच्या अविवेकावर बोट ठेवतो; पाणी मळके होते हे तो नाकारीत नाही. म्हणूनच सुधारणेला सरसकट विरोध करण्यासाठी तो वापरणे गैर होय. बाळ कोणते, हे वापरणाऱ्याने दाखविलेच पाहिजे.

शेतमालाच्या बाजार समित्यांचे उदाहरण घेऊ. डोंगरकड्याच्या परिसरातील हळद उत्पादकाला वसमत किंवा हिंगोलीच्या बाजारात उघड लिलाव, तपासलेले वजनमाप आणि पैसे अडकल्यास दाद मागण्याची जागा हवी असते. हैदराबाद संस्थानाचा १९३० चा आणि महाराष्ट्राचा १९६३ चा बाजारविषयक कायदा याच गरजेतून आला. हे झाले बाळ. मोजक्या परवानाधारकांची मिरासदारी, मनमानी कपात आणि समित्यांतील राजकारण हे मळके पाणी.

बिहारने २००६ साली हा कायदाच रद्द केला. हमीभावाखाली धान्य विकावे लागते, ही तक्रार त्यानंतर तेथून सतत येत राहिली. महाराष्ट्राने २०१६ साली फळे-भाजीपाला नियमनमुक्त केला आणि त्यावरील अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदारावर टाकली. समित्या मात्र राखल्या. या सुधारणेतही उणिवा असतील, पण तिची दिशा निवड करण्याची आहे.

जुने टिकवा की मोडा, असा प्रश्न विचारणे सोपे असते. काय टाकायचे आणि काय राखायचे, हे ठरविण्यास श्रम पडतात. ते श्रम टाळले, तर त्याची किंमत धोरण आखणारा देत नाही. हळदीचे पोते घेऊन बाजारात उभा असलेला शेतकरी देतो.